साहेबांच्या घरी जिताडा

मेलेल्या कोल्ह्याचं काय करायचं असतं, हा प्रश्न आयुष्यात कधी आपल्याला पडेल असं मला वाटलं नव्हतं. सानपाड्याच्या टू बीएचकेत राहणाऱ्या, मूळच्या साताऱ्याकडच्या बाईला तो पडायचं कारणच काय? पण त्या सकाळी मी दिघ्यातल्या आमच्या ऑफिसात बसून फोनवर फोन लावत होते आणि जो उचलेल त्याला तेच विचारत होते. जंगलवाले म्हणाले, रस्त्यावर मेलाय ना मॅडम, मग तो सफाईवाल्यांचा. सफाईवाले म्हणाले, कुत्रा असता तर लगेच उचलला असता, पण जंगली जनावराला हात लावला तर उद्या आमच्यावरच केस. तिसऱ्या एका साहेबांनी तर मलाच विचारलं, "कोल्हा? नवी मुंबईत? तुम्ही नीट बघितलंय का?" मी म्हटलं, "मी नाही बघितला साहेब, पण जो डंपर त्याच्यावरून गेला ना, त्यानं बघितला असेल." त्यांनी फोन ठेवून दिला.

आमचं ऑफिस म्हणजे एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा गाळा. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला चपात्या लाटून देणारं दुकान. बाहेर बोर्ड, जनसंपर्क कार्यालय. आत भाऊ. भाऊ म्हणजे आमचे आमदार. विधान परिषदेत होते, एकच टर्म. खाडीकाठी, शहराच्या पार उत्तरेच्या टोकाला एक आगरी गाव आहे, तिथं त्यांचा जन्म, तिथंच घर. मी त्यांची स्वीय सहाय्यक. नाव भारदस्त, काम म्हणजे सगळंच. पाण्याच्या तक्रारी घ्यायच्या, सोसायटीची भांडणं ऐकायची, शाळेच्या ॲडमिशनसाठी आलेल्या आयांना पाणी पाजायचं, आणि अधिवेशन आलं की भाऊंची भाषणं लिहायची. भाऊंना लिहायचा कंटाळा. बोलायला मात्र उभे राहिले की माइक लागायचा नाही.

त्या दिवशी दुपार टळली तरी कोल्हा उचलायला कुणी आलं नाही. शेवटी भाऊच गेले. गोणपाट घेतलं, कोल्हा त्यात भरला, गावातल्या तळ्याच्या बांधावर खड्डा खणून पुरला आणि चिखलाच्या हातापायांनी ऑफिसात येऊन बसले. मी म्हटलं, "भाऊ, अहो निदान हात तरी धुवा." ते धुवायला उठले नाहीत. म्हणाले, "ताई, मना एक सांगा. तो डोंगर फोरायचा तर परवानगी देनारा एक साहेब, दगड मोजनारा एक साहेब, डंपर पास करनारा एक साहेब. सगली खाती जागी. आनि कोल्हा मेला तर एक पन मानूस नाय?" माझ्या कानाला फोन लावून लावून घाम आला होता.

गावातल्या पोरांनी दुसऱ्या दिवसापासून त्यांना कोल्हेवाले भाऊ म्हणायला सुरुवात केली. भाऊ हसायचे. मला मात्र राग यायचा. आमदार माणूस, आणि पोरं टर उडवतात!

गाव आणि खाडी यांच्यामध्ये एक तळं आहे. आहे म्हणायची सवय जात नाही. होतं. बांधाला एक लाकडी दार होतं, त्याला गावात उघाडी म्हणतात. मोठ्या भरतीला ती उघडायची, की खाडीचं पाणी आत यायचं आणि पाण्याबरोबर माशांची पिल्लं. मग दार लावून घ्यायचं. पलीकडे खारफुटीची झाडी, त्यात ते कोल्हे. थंडीत भरतीच्या वेळी खाडीत उभं राहायला जागा उरली नाही की फ्लेमिंगो उठायचे आणि या तळ्यात येऊन उभे राहायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ऑफिसची फाइल हातात धरून अर्धा तास बांधावर उभी होते. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, घरातून हाक मारली, "अगो ताई, पक्षी काय पलून जात नाय, चाय गार व्हते." पळून जात नाहीत, हे तेव्हा मलाही खरंच वाटलं होतं.

गावाच्या दुसऱ्या अंगाला डोंगर. त्यावरची खाण बरीच वर्षं बंद होती. ती पुन्हा सुरू झाली, आणि लगेच कळलं की डोंगराचा मुरूम जाणार कुठं. तळ्यात. तळं बुजवायचं, वर कंटेनर उभे करायला यार्ड आणि गोदामं. डोंगर फोडणं आणि तळं बुजवणं, सरकारच्या दृष्टीनं दोन्ही कामं एकाच डंपरात होत होती. जमीन कागदोपत्री सरकारची. गावानं पिढ्यान्‌पिढ्या बांध बांधला, फुटला की पुन्हा बांधला, पण कागदावर गावाचं काही नाही.

भाऊंनी मनावर घेतलं. तळं वाचवायचा एकच रस्ता होता. ते नैसर्गिक पाणथळ आहे असं सरकारनं मान्य करायचं. मान्य केलं की कुणाच्या बापाला त्यात मुरूम टाकता आला नसता. बाकी कुठलंही काम भाऊ दुसऱ्यावर सोपवायचे, हे नाही. सकाळी ऑफिसात आले की पहिलं वाक्य, "तलावाचं काय झालं?" मी म्हणायचे, "भाऊ, काल संध्याकाळीच तर बोललो आपण." "मग रात्रीत काय झालं?" असा माणूस.

लक्षवेधी सूचना आम्ही दोघांनी मिळून लिहिली. म्हणजे ते येरझारा घालत बोलायचे आणि मी लिहायचे, लिहिता लिहिता त्यांच्याशी भांडायचे. त्यांना कोल्ह्याचं घालायचं होतं. मी म्हटलं, भाऊ, कोल्ह्यावर सभागृह हसेल. ते म्हणाले, हसू द्या, हसताना तरी ऐकतील. अधिवेशनात आमची लक्षवेधी आली ती दिवस संपत आल्यावर. बाकं निम्मी रिकामी. मी गॅलरीत बसले होते. आणि भाऊ उभे राहिले. "सभापती महोदय," ते म्हणाले, "सरकारला माझा एकच सवाल आहे. तुमच्या रांगेत आधी कोण उभा आहे? दगड उभा आहे, वाळू उभी आहे, गोदाम उभं आहे. पक्षी कुठं आहे? शहरात भिंतीभिंतीवर फ्लेमिंगोची चित्रं काढताय तुम्ही. रंगाला खर्च करताय. आणि जिवंत फ्लेमिंगो जिथं उतरतो तिथं मुरूम टाकताय. मग तो पक्षी भिंतीवर उतरणार आहे का?" कोल्ह्याचंही बोलले. कुणी हसलं नाही. मंत्री उठून म्हणाले, सन्माननीय सदस्यांची भावना रास्त आहे, अधिकारी पाठवून प्रत्यक्ष पाहणी करून घेऊ आणि पुढच्या अधिवेशनात निवेदन करू.

मला तिथंच रडू फुटलं. येड्यासारखी रडले. बाहेर येऊन भाऊ मला म्हणाले, "ताई, आपन जिंकलू." गावात पोचलो तर फटाके वाजत होते. पाहणीच्या आश्वासनाला फटाके वाजवणारं गाव मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पाहणीला आलेले साहेब तरुणच होते, चाळिशीच्या आतले. मी मनात शिव्या तयार ठेवल्या होत्या, त्या वाया गेल्या. गाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि चिखलात उतरले. गळ्यात दुर्बीण. एकेका पक्ष्याचं नाव घेत होते. एक तुतारी का काय म्हणतात तो छोटा पक्षी दिसला तर लहान मुलासारखे माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, बघा बघा!" उघाडी कशी चालते ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, बांध कुणी घातला ते विचारलं. म्हाताऱ्यांनी छाती पुढं काढून सांगितलं, आमच्या बापजाद्यांनी. सगळं मोकळेपणानं चाललं होतं. मला फार हलकं वाटत होतं. माणूस चांगला होता, आणि मला आजही त्याच्याबद्दल वाईट बोलता येत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

जेवायला ते थांबले नाहीत, दुसरीकडे मीटिंग होती. मग काय, भाऊंच्या गावात पाहुणा न जेवता गेला म्हणजे आभाळ कोसळलं. आणि तिथं एक पद्धत आहे. तळ्यात जिताडा होतो. मोठा, जाड, चंदेरी मासा. भरतीला उघाडीतून पिल्लू आत येतं आणि वर्षानुवर्षं तिथंच वाढतं. तो बाजारात विकत नाहीत. पोरीचं लग्न, बाळंतीण, देवीची जत्रा, अशाला काढतात. आणि सगळ्यात मोठा जो असेल तो साहेबाला जातो. साहेब म्हणजे तलाठी, फौजदार, डॉक्टर, हायस्कूलचे हेडमास्तर, जो कुणी गावासाठी पायरी चढून आला तो. मी एकदा भाऊंना म्हटलं होतं, "ही लाच झाली की हो." ते इतके भडकले की दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, लाच कामाच्या आधी देतात. जिताडा काम झालं तरी जातो, नाही झालं तरी जातो. आलेल्या माणसाला मोकळ्या हातानं पाठवायचं नाही, एवढंच. भाऊंच्या वडिलांनीही पाठवला होता, त्यांच्या वडिलांनीही.

त्याचं देणंही साधं नाही. कुठला मासा काढायचा यावर बांधावर अर्धं गाव जमतं. जाळं टाकणारे दोघे, सूचना देणारे पन्नास. त्या दिवशी एक निघाला तर बायका ओरडल्या, "यो नाय, यो बारका हाय, साहेब काय बोलंल?" तो सोडून दिला. दुसरा निघाला तेव्हा सगळे गप्प झाले. माझ्या शाळेत जाणाऱ्या मुलीच्या उंचीच्या निम्मा तरी असेल. केळीच्या पानात गुंडाळला, बर्फात ठेवला, आणि तो न्यायला गाडी कुणाची? ऑफिसची. मी देशावरची बाई, मटण म्हणाल तर पातेलं संपवीन, पण मासळीचा वास मला सोसत नाही. नाक दाबून पुढच्या सीटवर बसले आणि वाशीपर्यंत भाऊंना टोमणे मारत गेले. ते खुशीत होते. गाणं गुणगुणत होते.

साहेबांनी दार उघडलं. आधी नको नको म्हणाले, मग त्यांच्या बायकोनं पान उघडून बघितलं आणि तिच्या तोंडून "अय्या!" निघालं. साहेबही हसले. आणि भाऊंनी हात जोडून ते वाक्य म्हटलं, जे त्यांच्या गावात जिताडा देताना म्हणतातच. "साहेब, बाजारातला नाय. आमी पोसलेला हाय, तुमच्यासाठीच राखला होता." त्या माशाला कुणी एक दाणा घातलेला नव्हता. आपण नाही का, पाहुणा अचानक टपकला तरी म्हणतो, बसा, तुमच्यासाठीच केलंय? तसंच ते. देणाऱ्यानं असंच बोलायचं असतं, घेणाऱ्यानं ऐकून घ्यायचं असतं. साहेबांनी विचारलं, "म्हणजे गावातले सगळेच पोसतात?" भाऊ आणखी फुलले. "सगलेच, साहेब! आमच्या आज्यापंज्यापासून. गावाची शानच ती."

परत येताना मी म्हटलं, "भाऊ, उगाच किती फुशारक्या मारता!" ते म्हणाले, "ताई, मोठ्या मानसाला मासा देताना बारकं बोलायचं नाय."

पुढचे महिने बरे गेले. खरंच बरे गेले. डंपर थांबले नव्हते, पण तळ्यात मुरूम पडत नव्हता. पाहणीचा निर्णय होईपर्यंत काम थांबवायला सांगितलं होतं. भाऊ सकाळी बांधावरून चक्कर मारून मग ऑफिसात यायचे आणि मला रिपोर्ट द्यायचे, आज पक्षी इतके, आज तितके. मी म्हणायचे, भाऊ, मला आकडे नका सांगू, नळाच्या तक्रारी साचल्यात. ते ऐकायचे नाहीत. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "आमचं लगीन झालं तवा पन यवरं खुश नवते." आम्ही दोघी हसलो.

मग अधिवेशन आलं. या वेळी आम्ही काही लिहिलंच नाही, उत्तर ऐकायचं होतं नुसतं. मी नवी साडी नेसले होते. मंत्री उभे राहिले आणि त्यांनी कागद हातात घेतला. मला त्यांचा आवाज अजून कानात आहे, शांत, जराही चढलेला नाही. "सभापती महोदय, पाहणी झालेली आहे. सदर ठिकाणी पक्ष्यांचा वावर आहे, हे शासनाला मान्य आहे. तथापि सदर तळं नैसर्गिक नाही. त्याचा बांध ग्रामस्थांनी घातलेला आहे, पाणी दाराने नियंत्रित केलं जातं, आणि ग्रामस्थ तिथं पूर्वापार जिताडा माशाचं संवर्धन करतात. ही माहिती स्वतः ग्रामस्थांनी आणि सन्माननीय सदस्यांनी दिलेली आहे. मत्स्यपालनासाठी माणसाने तयार केलेलं तळं हे नियमानुसार पाणथळ या व्याख्येत बसत नाही."

भाऊ उठले. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्यांचा आवाजच फुटेना. "सभापती महोदय, तो मासा कुणी पोसत नाय. तो खाडीतून येतो. आपनहून येतो." एरवी सभागृहात जपून पुस्तकी मराठी बोलायचे, पण त्या दिवशी तेही गेलं. मंत्री म्हणाले, "पण आपणच तसं सांगितलं होतं ना?" भाऊ म्हणाले, "तसं बोलायची रीत हाय, महोदय." आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "आम्हाला नाही कधी पोसून पाठवलात, भाऊ!" सगळं सभागृह हसलं. आमच्या बाजूचेही हसले. मंत्रीसुद्धा हसले, वाईट हेतूनं नाही, हसू आवरलं नाही म्हणून. कोल्ह्याच्या वेळी न हसलेली माणसं जिताड्याला हसली. भाऊ खाली बसले. सभापतींनी पुढचा विषय पुकारला.

मला वाटलं वरून खाली उडी मारावी आणि एकेकाची गचांडी धरावी.

गाडीत मी तोंड सोडलं. त्या साहेबाला, मंत्र्याला, कुणाला ठेवलं नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मेला, काय वाटेल ते बोलले. ड्रायव्हरही मागं वळून बघत होता. भाऊ खिडकीतून बाहेर बघत बसले होते. खाडीपूल आला तेव्हा म्हणाले, "ताई, तो मानूस खोटं नाय बोलला. मी बोललो ना, पोसलाय म्हनून. त्यानं तेच लिवलं." मी म्हटलं, "भाऊ, लहान मुलालाही कळतं की ते बोलायचं म्हणून बोललेलं असतं." ते म्हणाले, "आपल्या गावच्या लहान मुलाला कलतं." मग वाशी गेलं, कोपरखैरणे गेलं. गाव आल्यावर दार उघडताना म्हणाले, "माझ्याच तोंडानं गेला तलाव."

त्यानंतर जे जे करता येतं ते आम्ही केलं. अर्ज दिले, भेटी घेतल्या, वकील गाठला. वकील म्हणाला, तुमच्याच आमदारांनी साहेबांना सांगितलेलं तुमच्या विरोधात आहे, आणि आता ते सभागृहाच्या नोंदीतही आहे. जिथं जाऊ तिथं आधी कुणीतरी जिताड्याचा जोक करायचा, आणि मग चहा मागवायचा. भाऊ चहा घ्यायचे नाहीत. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते सकाळचे बांधावर जायचे थांबलेत. ऑफिसात आले की विचारायचे, "नलाच्या तक्रारी किती?"

तळं बुजवायच्या आधी पाणी काढणार होते. कंत्राटदारानं गावात सांगून टाकलं, पंप लावतोय, मासे काय ते घेऊन जा. आणि गाव गेलं. सगळं गाव. टोप, घमेली, पाट्या, जाळी, बादल्या. पोरीबाळी चिखलात लोळत होत्या, किंचाळत होत्या, हसत होत्या. कुणी मोबाइलवर गाणी लावली होती. मला राग राग झाला. अरे, तुमचं तळं मेलंय आणि तुम्ही लग्नाला आल्यासारखे काय हसताय? पण मग मी बघितलं, एक म्हातारी दोन्ही हातांनी जिताडा छातीशी धरून उभी होती, तो फडफडत होता, आणि ती आनंदानं रडत होती. तिच्या आयुष्यात तिला एवढा मोठा मासा स्वतःसाठी कधी मिळालाच नव्हता. मोठा नेहमी साहेबाला गेला होता. भाऊ घराच्या ओट्यावर पाठ करून बसले होते. वहिनींनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. संध्याकाळी मुरमाचा पहिला डंपर आला, मागं हॉर्न वाजवत दुसरा. भरती आली तेव्हा खाडीवरून फ्लेमिंगोंचा थवा आला, तळ्यावरून एक फेरी मारली आणि पलीकडच्या किनाऱ्याकडे निघून गेला. मी एकटीच वर बघत होते.

माझी अजूनही समजूत होती की यापुढे वाईट काही व्हायचं उरलं नाही. पण मुरूम टाकायचं काम चालू असतानाच गावात नोटिसा आल्या. यार्डकडे जाणारा रस्ता रुंद करायचा होता, आणि गावठाणाबाहेर लोकांनी वाढत्या संसारासाठी बांधलेली घरं कागदावर अनधिकृत होती. तशी घरं इथल्या प्रत्येक गावात आहेत, भाऊंच्या धाकट्या भावाचंही त्यातच. ती नियमित करायचं प्रकरण ज्या टेबलावर अडलं होतं, तिथं बढती मिळून कोण आलं होतं? तेच, दुर्बीणवाले साहेब.

एका रविवारी गावातल्या बायका भाऊंच्या ओट्यावर येऊन बसल्या. मीही तिथं होते. त्यांनी मध्ये एक थर्माकोलचा खोका ठेवला. पाणी काढलं त्या दिवशी सापडलेल्यातला सगळ्यात मोठा जिताडा त्यांनी कुणाला खाऊ दिला नव्हता, बर्फवाल्याच्या फ्रीजरमध्ये सांभाळून ठेवला होता. आनंदानं रडणारी ती म्हातारीच पुढं झाली. तिचाच तो मासा. म्हणाली, "भाऊ, आमच्या घरांचं बोला त्यांना. मोकल्या हातानं नका जाऊ."

मी भाऊंच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं आता ते खोका उचलून फेकतील, आणि मनापासून वाटत होतं की फेकावा. कुणीतरी एकदा काहीतरी फेकायलाच हवं होतं. भाऊंनी खोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "ताई, गाडीत जागा करा."

या वेळी मी नाक दाबलं नाही, टोमणेही मारले नाहीत. साहेबांनी आम्हाला आत बोलावलं, सोफ्यावर बसवलं, त्यांच्या बायकोनं पाणी आणलं. खोका उघडल्यावर दोघंही खूश झाले. साहेब म्हणाले, "भाऊ, तुमच्या तळ्याचं मला खरंच फार वाईट वाटलं हो. किती सुंदर जागा होती! पण नियमात बसवताच येत नव्हतं, मी तरी काय करणार?" डोळ्यांत खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. मग ते खोक्याकडे बघून हळहळले. "आता असा मासा परत खायला मिळायचा नाही, नाही का?"

भाऊ सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. सरकारला भर सभागृहात रांगेत कोण आधी उभा आहे म्हणून विचारणारा तो माणूस, मी पहिल्यांदाच त्यांचा आवाज एवढा खाली आलेला ऐकला.

"नाय मिलनार, साहेब," ते म्हणाले. "तेवढं घरांचं बघा."